फळी, तारा आणि निवृत्तीचा काळ

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा ‘निवृत्तीनंतरच्या काळाचा सदुपयोग’ हा विषय सुचविला होता. या विषयावर बहुधा प्रातःकाळचे फिरणे, नामस्मरण, मिताहार आणि नातवंडांचा अभ्यास यांचाच उपदेश होत असतो. तो उपदेश उत्तम आहे, आणि तो करणारे आमच्याहून अधिक अधिकारी पुरुष या सभागृहात बसलेले आहेत. आम्ही आज इलेक्ट्रिक गिटार या वाद्याविषयी बोलणार आहोत. मागच्या रांगेत काही तरुण मंडळी हसत आहेत, हे आम्हांस दिसते. मास्तरकीत सारा जन्म गेल्याने मागच्या रांगेवर नजर ठेवण्याची सवय सुटलेली नाही.

हे वाद्य परके, पोरकटपणाचे आणि गोंगाटाचे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. गोंगाटाविषयी आम्ही वाद घालीत नाही. परंतु निदान आपल्या सुतार ज्ञातीत जन्मलेल्या माणसाने तरी त्यास परके म्हणू नये, असे आमचे प्रतिपादन आहे. कारण या वाद्याचा इतिहास पाहू गेल्यास तो अर्धाअधिक सुतारकामाचाच इतिहास आहे.

साधी गिटार म्हणजे एक पोकळ पेटी. तारेचा कंप घोडीतून वरच्या पातळ फळीस जातो, फळी कापते आणि पेटीतला वारा बोलू लागतो. हा आवाज गोड खरा, पण बेताचा. अमेरिकेतील नृत्यवृंदांत ढोल आणि कर्णे यांच्यापुढे तो ऐकूच येईना. तेव्हा १९३१ साली जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या जोडीने मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची एक हवाईयन गिटार ॲल्युमिनियमची केली आणि तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. पुढच्याच वर्षी ती विक्रीस आली. तिचा आकार पाहून लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळण्याचा तवा, असे नाव ठेवले.

त्या वेटोळ्याचे तत्त्व नवे नव्हते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली ते सिद्ध केले होते, आणि चुंबक व वेटोळे घेऊन गॅल्व्हनोमीटरचा काटा हलवून दाखविण्याचा प्रयोग आम्ही कित्येक वर्षे वर्गात केला. पोलादी तार चुंबकाजवळ कापू लागली की चुंबकीय क्षेत्र ढवळले जाते आणि वेटोळ्यात तारेच्याच कंपनसंख्येचा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो मोठा करून ध्वनिक्षेपकाकडे दिला की काम झाले.

पुढची अडचण मात्र लाकडाची होती. पोकळ पेटीच्या गिटारीस हे वेटोळे लावून आवाज फार वाढविला की पेटी स्वतःच कापू लागे आणि किंचाळे. लेस पॉल नावाच्या वादकाने १९४०च्या सुमारास त्यावर जो उपाय केला तो कोणाही सुताराच्या ध्यानात तत्काळ येईल. त्याने चार इंच चौरस असा पाइन लाकडाचा भरीव सोट घेतला आणि त्यावरच तारा व वेटोळी चढविली. वाद्य उत्तम वाजे. पण तो ओंडका पाहून श्रोत्यांचे मन घेईना. म्हणून त्याने एक गिटार उभी कापून तिच्या दोन बाजू त्या सोटास केवळ शोभेसाठी जोडल्या!

त्यानंतर १९५० साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने सरळ भरीव फळीची गिटार बाजारात आणली. या गृहस्थास गिटार वाजविता येत नसे. ती सुरात लावताही येत नसे. पण त्याने मान वेगळी करून चार स्क्रूंनी फळीस जोडली. मान झिजली तर ती काढावी आणि दुसरी बसवावी. आपले वाडवडील नांगराचा फाळ बदलीत, पण नांगर टाकून देत नसत. त्यातलाच हा विचार. पुढे १९५८च्या सुमारापासून त्याच्या गिटारींच्या मानेवर शिसवीची पट्टी येऊ लागली. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ साली आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि आपल्या सह्याद्रीत होणारी शिसव या कामी जगभर अधिकच गेली. ज्या लाकडाचे आपल्या आजोबांनी देव्हारे आणि पाळणे केले, त्याच जातीच्या लाकडावर परदेशातली मुले बोटे फिरवितात.

आता थोडे स्वतःविषयी. आमचे वडील गावचे सुतारकाम करीत. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाके हा त्यांचा व्यवसाय. आम्ही मॅट्रिक झालो, मास्तरकी मिळाली, आणि वडिलांनी मोठ्या आनंदाने आमच्या हातातला रंधा काढून घेतला. “तू आता खडू धर,” असे ते म्हणाले. त्या काळी ते योग्यच होते. आपल्या ज्ञातीतील किती घरांत असा आनंदाचा दिवस उगवला असेल, आणि त्याच दिवशी किती पटाश्या माळ्यावर गेल्या असतील, याचा हिशेब आपल्या जनगणनेत कोणी ठेवलेला नाही.

तरुणपणी आम्ही एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत असू. १९७३ साली ‘यादों की बारात’ हा चित्रपट आला. त्यातील एका गाण्याच्या आरंभीची गिटार ऐकून आमच्या पिढीतील कित्येकांनी हे वाद्य हाती घेतले. परदेशी वाद्य मिळणे त्या काळी दुष्कर. आमची गिटार कलकत्त्याची होती. वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती. परंतु वाल्व्हच्या रेडिओस मागील बाजूस ग्रामोफोन जोडण्यासाठी भोके असत. त्यांत गिटारीची वायर खुपसली की तोच रेडिओ आमचे वाद्य बोलू लागे. गणेशोत्सवाचे दहा दिवस आम्ही जणू गंधर्वच. पुढे विवाह झाला, बदल्या झाल्या, धाकट्या बहिणीचे लग्न निघाले आणि गिटार विकली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या घरात शाळेच्या घंटेवाचून दुसरे वाद्य वाजले नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. सहा महिन्यांतच एका जुन्या सहकाऱ्याच्या अडगळीत एक मोडकी गिटार दृष्टीस पडली. मान वाकलेली, खिट्या गंजलेल्या, आवाजाचे बटण फिरविले की खरखर. ती घरी आणली आणि माळ्यावरून वडिलांची पेटी खाली काढली. गुण्या, पटाशी, कानस, सारे होते. पटाशीची धार मात्र गेलेली. ती दगडावर लावण्यात पहिला दिवस गेला. तो दिवस आमच्या निवृत्त आयुष्यातील अत्यंत सुखाचा दिवस होय, असे आम्ही नि:संकोच सांगतो.

मानेच्या आत एक पोलादी सळई असते. तारांच्या ओढीने मान पुढे झुकते, ती या सळईने मागे आणावयाची. किल्ली एका वेळी पाव फेराच फिरवावी आणि लाकडास दिवसभर विसावा द्यावा. लाकूड घाईला जुमानत नाही, हे आपणांस सांगणे नलगे. त्यानंतर पडद्यांच्या पट्ट्या समपातळीत घासल्या. या पट्ट्यांचे गणित मोठे मनोहर आहे. घोडीपासून वरच्या टोकापर्यंतची उघडी तार ६४८ मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागावे, ३६.४ मिलिमीटरवर पहिली पट्टी येते. उरलेल्या लांबीस पुन्हा त्याच संख्येने भागावे, म्हणजे ३४.३ वर दुसरी. असे करीत गेले की बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर येते आणि तेथे वरचा षड्ज बोलतो. हे गणित आम्ही शाळेत कधी शिकविले नाही याची रुखरुख लागते. अपूर्णांकांना कंटाळलेली मुले यासाठी तरी कान टवकारती.

मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेल. त्या कारागिरांचे काम पाहण्यास आम्ही मुद्दाम गेलो होतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकविता येतात. गिटारीच्या पट्ट्या मात्र लाकडात ठोकलेल्या. तरीही बारीक तार बोटाने ओढून स्वर वर चढविता येतो, आणि ती आपली मींडच होय. आमची मींड अद्याप बेसूर निघते. बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत. थंडीत डाव्या हाताची करंगळी संपच पुकारते. अशा वेळी आम्ही लेस पॉलचे स्मरण करतो. १९४८च्या मोटार अपघातात त्याचा उजवा कोपर असा मोडला की तो कायमचा ताठ राहणार होता; त्याने डॉक्टरांकडून हात गिटार धरण्याच्या कोनातच बसवून घेतला. म्हातारपणी संधिवाताने बोटेही गेली. उरलेल्या बोटांनिशी हा पुरुष न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी रात्री वाजवीत असे, आणि २००९ साली वयाच्या ९४व्या वर्षी निधन पावेपर्यंत त्याने हा क्रम सहसा मोडला नाही. आम्ही त्या मानाने बालक आहोत.

एका गिटारीच्या सात कशा झाल्या, हे मात्र आम्हांस नीटसे सांगता येणार नाही. दोन मोडक्या होत्या, एक हवाईयन पद्धतीची, एक चार तारांची खर्जाची, एक इंडोनेशियात झालेली नवी, आणि दोन आखातातून परतलेल्या एका विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून दिलेल्या. आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे की, “अहो, बोटं दहाच, आणि गिटारी सात! एखादी गाय घेतली असती तर दूध तरी मिळालं असतं.” या युक्तिवादास उत्तर नाही. म्हणून घरात असा ठराव झाला आहे की आठवी आणावयाची असेल तर सातांतील एक आधी बाहेर गेली पाहिजे, आणि निवृत्तिवेतनास हात लागता कामा नये. दुरुस्तीच्या मिळकतीतूनच काय ते करावे. हा ठराव तीन वर्षे मोडलेला नाही.

संग्रहाचा मोह मोठा खरा. डेव्हिड गिल्मर या विख्यात इंग्रज वादकाने २०१९ साली आपल्या शंभराहून अधिक गिटारी लिलावात काढल्या. त्यांतील एका काळ्या गिटारीस ३९ लाख ७५ हजार डॉलर आले, आणि सारे उत्पन्न त्याने पर्यावरणाच्या कार्यास दिले. देणे थोर आहे. परंतु एवढी किंमत दिलेले वाद्य पुढे कोणी निर्धास्तपणे मांडीवर घेऊन वाजवील काय, ही शंका आमच्या मनातून जात नाही. न वाजणारी गिटार आमच्या मते फर्निचर होय, आणि फर्निचर आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहे.

ज्यांस हा नाद करावयाचा असेल त्यांनी प्रथम घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. गिटारीच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि आपण त्या उघड्या हातांनी धरतो. १९७२ साली स्कॉटलंडचा लेस्ली हार्वी हा वादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनास हात लागून रंगमंचावरच मरण पावला. उत्सवाच्या मांडवात तारांची जोडणी कशी असते हे आपण जाणतो. मंडळांच्या चिटणीसांनी हे मनावर घ्यावे. दुसरे असे की पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पट्ट्यांची टोके बोटांस बोचू लागतात. ती कानशीने घासून द्यावी, नवे वाद्य घेण्याची गरज नाही.

सातांपैकी दोन गिटारी आम्ही ज्ञातीतील मुलामुलींसाठी काढून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी नऊ ते अकरा यावे. शुल्क नाही. प्रथम पटाशीस धार लावावी लागेल, मग तार. मागच्या आषाढापासून तिघे येतात. त्यांत एक मुलगी आहे, आणि पटाशी तिची सर्वांत चांगली चालते. येताना कानस असल्यास आणावी, आमच्याकडे एकच आहे.