किनाऱ्याची जमीन

श्रोतेहो, बाली बेटाच्या आग्नेयेला लेंबोंगान नावाचे एक चिमुकले बेट आहे. भाताला पुरेल एवढे पाणी तिथे नाही. म्हणून १९८० नंतर गावकऱ्यांनी उथळ समुद्रातच शेती मांडली. दोऱ्यांना समुद्रशेवाळाचे तुकडे बांधायचे, महिना-दीड महिन्याने काढायचे अन् काठावर वाळवून विकायचे.

पुढे प्रवासी आले, हॉटेले उठली आणि किनाऱ्याच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. आता तुम्ही विचाराल, परदेशी माणसाला ती विकत घेता येते का? नाही. १९६० च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', परदेशी माणसाला मिळत नाही. त्याला मिळतो मुदतीचा वापरहक्क, नाही तर भाडेपट्टा. काही जण स्थानिकाच्या नावावर जमीन घेण्याची पळवाट काढतात. पण असा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेला पैसाही परत मागता येत नाही.

आणि गावच्या माणसाने गावाबाहेरच्या देशबांधवाला जमीन विकली तर? व्यवहार कायदेशीर, पण पैसा एकदाच येतो आणि वाळवणाची जागा कायमची जाते. २०२० साली महामारीमुळे प्रवासी थांबले, तेव्हा पुष्कळ लोक पुन्हा शेवाळाकडे वळले. अशा वेळी काठावर चार हात जागा असली, तरच निभाव लागतो. पट्ट्याने दिलेली जमीन मुदत सरली की घरी येते. विकलेली येत नाही. घेणाऱ्याने कायदा पाहावा, देणाऱ्याने हा हिशेब पाहावा.