स्वागताध्यक्षीय भाषण : करवीर नगरीत आपले स्वागत



अंबाबाईच्या या नगरीत आपले सहर्ष स्वागत करतो. १८५० साली ग्रंथालय स्थापणारे, १९१२ साली कुस्तीसाठी खासबागेचे मैदान उभारणारे आणि राजर्षी शाहूंच्या दूरदृष्टीने राधानगरीचे धरण लाभलेले हे गाव विद्येस, बळास आणि पाण्यास सारखाच मान देत आले आहे. परंतु आज मला स्मरण करावयाचे आहे ते या नामावळीत सहसा न येणाऱ्या एका पुरुषाचे. बाबुराव पेंटरांनी येथे स्वदेशी सिनेकॅमेरा घडविला, हे सर्वश्रुत आहे. पण तो उद्योग ज्यांच्या जोडीने आरंभिला, ते त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव, यंत्र पुरे होण्यापूर्वीच, १९१६ साली निवर्तले, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा बाबुरावांचा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा टाळ्या ऐकावयास ते नव्हते.

आपल्या परिषदेच्या विषयाशी, म्हणजे पाण्यातील विष ओळखणाऱ्या उपकरणांशी, याचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर मी त्यास येथल्या रंकाळा तलावाकडे नेईन. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर मायक्रोसिस्टिस हे निळे-हिरवे शेवाळ तेथे माजते. त्याच्या काही जाती यकृतास घातक असे मायक्रोसिस्टिन निर्माण करतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली त्याच्या मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरमागे अवघा एक मायक्रोग्रॅम आहे. रंगद्रव्याची चमक मोजणारे यंत्र शेवाळ किती ते सांगते, विष आहे की नाही ते सांगत नाही; विष दाखविणाऱ्या चाचणी-पट्टीवर मात्र विष जितके अधिक तितकी रेघ फिकी पडते, हे परवा ऐकून मी थक्क झालो. असे उपकरण घडवून तळ्याकाठच्या कोळ्याच्या हाती देणे हे आनंदरावांच्याच कुळातले काम होय.

आता क्षमायाचना. निवासाची तजवीज तोकडी आहे, मंडपाचे छत गळण्याचा संभव आहे, आणि जेवणातील तांबडा रस्सा काही पाहुण्यांस जाचेल. आचारी, मांडववाले, गुळाचे व्यापारी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे सर्व दाते यांचा स्वागत समिती ऋणी आहे; नाव गुप्त ठेवण्याची विनंती करूनही जे मघापासून पहिल्या रांगेतून मजकडे पाहात आहेत, त्यांचे तर विशेष आभार.

शेवटी, पिण्याचे पाणी उकळून ठेवावे अशी आज्ञा मीच दिली होती. उकळल्याने मायक्रोसिस्टिन जात नाही, हे आपल्यापैकी एकाने काल रात्री समजाविले. तरी निश्चिंत असावे : घागरीतले पाणी रंकाळ्याचे नाही.