मनाच्या दुखापतीलाही उपचार असतो

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता, या शाळेच्या आणि या शहराच्या दृष्टीने मला तातडीचा वाटणारा एक विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो आहे मनाला झालेल्या आघाताचा आणि त्यावरील उपचारांचा.

भोपाळमध्ये राहणाऱ्यांना आघात या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1984 सालच्या 2 व 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, लाखो बाधित झाली. त्या रात्री हमीदिया रुग्णालयात तरुण डॉक्टर अहोरात्र राबले. भोपाळ स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी नियमांची वाट न पाहता पुढे काढली आणि असंख्य प्रवाशांचे प्राण वाचवले. त्यांना स्वतःला मात्र पुढे अनेक वर्षे आजारपणात काढावी लागली.

डोळे आणि फुप्फुसे यांच्या उपचारांची धावपळ तत्काळ सुरू झाली, आणि ते योग्यच होते. पण झोप उडालेली, वाऱ्याची झुळूक आली तरी दचकणारी, कामावर जाऊ न शकणारी माणसे कोणाकडे जाणार होती? राज्यात मानसोपचारतज्ज्ञ अगदीच मोजके होते. 1985 मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी वायुपीडित वस्त्यांतील दवाखान्यांच्या सर्वसाधारण डॉक्टरांनाच मानसिक आजार ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. भारतात आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यसेवेचा विचार गांभीर्याने सुरू झाला तो येथून. आपल्या शहराने देशाला दिलेला हा धडा आपणच विसरू नये, असे मला वाटते.

आघाताने ग्रासलेल्या तीन प्रकारच्या माणसांविषयी आज बोलायचे आहे. आपल्या पालकवर्गात ती तिन्ही आहेत.

पहिली, संकटात सर्वांत आधी धावून जाणारी माणसे: अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, रेल्वेचे कर्मचारी. यांचा आघात एका रात्रीचा नसतो. थेंबाथेंबाने तो साचत जातो. शिवाय ‘आम्ही तर फक्त कर्तव्य केले, आम्हाला काय झाले?’ ही भावना आड येते. घरी मात्र माणूस अबोल होतो, क्षुल्लक कारणावरून चिडतो, झोपेत ओरडतो. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांना कित्येकदा भित्रे ठरवले गेले. या अवस्थेला आघातोत्तर तणावविकार या अर्थाचे स्वतंत्र नाव अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात मिळाले, ते 1980 साली. भित्रेपणा आणि आजार यांतील फरक मान्य व्हायला इतकी दशके लागली.

दुसरी, कामावर जायबंदी झालेली माणसे. 1923 सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होते. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट, असे कोष्टक त्यात दिले होते. कामगाराच्या दृष्टीने हा कायदा मोलाचाच होता. पण यंत्राचा आवाज ऐकताच हातापायांना सुटणारी थरथर, ‘आता मी घरातला कर्ता राहिलो नाही’ हे शल्य, यांचा रकाना त्या कोष्टकात नव्हता. जखम भरली की माणूस बरा झाला, असे कारखाना मानतो आणि बहुतेकदा घरही मानते.

तिसरी आपली मुले. मोठी माणसे दुःख शब्दांत सांगतात. मुले ते पोटदुखीतून, गैरहजेरीतून, घसरलेल्या गुणांतून, भांडणातून सांगतात. काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीतला एक हुशार मुलगा प्रार्थनेनंतर रोज पोट धरून बसू लागला. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघेना. वर्गशिक्षिकेने आईला बोलावले तेव्हा कळले, की मंडीदीपच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना वडिलांची दोन बोटे गेली होती. कुकरची शिट्टी झाली तरी ते ताडकन उठत. मुलगा शाळेत असताना घरी काही विपरीत घडेल, या धास्तीने त्याच्या पोटात गोळा येत होता. ‘आमच्या घरात कोणी वेडे नाही’ असे म्हणत वडील दोन महिने समुपदेशकाकडे गेले नाहीत. अखेर मुलासाठी म्हणून गेले आणि स्वतःसाठी जात राहिले. आज ते दुसऱ्या विभागात कामावर आहेत आणि मुलगा महाविद्यालयात आहे.

उपचार म्हणजे नेमके काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण भीती अज्ञानातूनच उपजते. प्रसंग घडल्यावर लगेच माणसाला सर्व हकीकत तपशीलवार सांगायला लावावी, असे पूर्वी मानले जाई. अशा एकाच बैठकीचा उपयोग होत नाही, क्वचित अपायही होतो, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून प्रथम द्यायचे ते सुरक्षित ठिकाण, पाणी, विश्रांती, आप्तांची भेट आणि ऐकून घेणारा माणूस. बहुतेक जण एवढ्याने सावरतात. महिना उलटूनही झोप, भूक आणि काम रुळावर येत नसेल, तर मात्र तज्ज्ञाची मदत घ्यावी.

सीबीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत साधारणतः आठ ते बारा बैठका होतात. ज्या आठवणीपासून माणूस पळतो, तिच्याकडे तज्ज्ञाच्या सोबतीने तो हळूहळू वळतो. पळण्याने घटकाभर बरे वाटते, पण भीती अधिक पोसली जाते. ‘माझ्यामुळेच झाले’ यांसारखे विचार तो तपासून पाहतो. टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने पुन्हा करू लागतो: आधी कारखान्याच्या फाटकापर्यंत, मग आत, मग यंत्राजवळ. यात जादू नाही आणि जबरदस्तीही नाही. मोडलेल्या हाडाला प्लॅस्टरनंतर व्यायाम लागतो, तसेच हे आहे. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

आपली भाषा या बाबतीत आपल्याला साथ देते. जीव घाबरा होणे, छातीत धडधडणे, मनात पाल चुकचुकणे, हे सारे मराठीत किती सहज बोलता येते! आपली मुले बाजारात हिंदी बोलतात, परीक्षेत इंग्रजी लिहितात, पण भ्यायल्यावर ‘आई गं’च म्हणतात. मराठी शाळा टिकवण्याची अनेक कारणे आपण देतो. मूल आपले भय ज्या भाषेत सांगू शकते त्या भाषेतला एक कान त्याला शाळेत मिळावा, हेही त्यांतले एक कारण मानावे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह 12 राज्यांची पाहणी झाली. निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले. वाटा मात्र पूर्वीपेक्षा मोकळ्या आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने स्थान देणे त्याने बंधनकारक केले. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक आजच आपापल्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावा.

आता माझी मागणी. हीरकमहोत्सव निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधावी, अशी सूचना आली आहे. कमान अवश्य व्हावी. पण त्याआधी वाचनालयाशेजारच्या रिकाम्या खोलीत समुपदेशन कक्ष सुरू व्हावा, आणि मराठी व हिंदी जाणणारा प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून तीन दिवस तेथे बसावा, अशी माझी विनंती आहे. कक्ष मुलांसाठी असेल, आणि शनिवारी दुपारी पालकांसाठीही खुला राहील. तेथील नोंदी मुख्याध्यापिकेलासुद्धा पाहता येणार नाहीत, हा नियम मी स्वतः लिहून देईन. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी वेळ द्यावा, इतरांनी यथाशक्ती देणगी द्यावी. पालकांकडे देणगीहून मोठे काही मागते: मुलाला तिकडे जावेसे वाटले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न त्याच्या वाटेत उभा करू नका.

या शाळेने साठ वर्षे मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. मन दुखावले तर तेही सांगावे, त्यात कमीपणा नाही, हे शिकवण्याचे काम पुढील वर्षांसाठी आपण हाती घेऊ या.