जुनी पेट्रोल जीप वाटेत बंद पडते तेव्हा



आपल्याकडं अजूनही एखाद्या वाड्यात, एखाद्या मळ्यात जुनी पेट्रोलवरची जीप जपून ठेवलेली दिसते. वडिलांच्या वेळची, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असलेली. ती वाटेत आचके देऊन बंद पडली, की आपण बॉनेट उघडतो आणि पहिला पाना कार्बोरेटरला लावतो. इथंच चुकतं. पाटाला पाणी आलं नाही, तर आपण शेवटचा वाफा उकरत बसतो का? नाही. विहिरीपासून बघत येतो. पेट्रोलचंही तसंच आहे. टाकी ही विहीर आणि कार्बोरेटर हा शेवटचा वाफा.

ओळखीच्या एका बागायतदारांची जीप दर दोन-तीन किलोमीटरला थांबायची आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची. कार्बोरेटर तीनदा खोलून झाला. एके दिवशी टोमॅटो घेऊन निघाले, तर बाजार गाठेपर्यंत लिलाव उरकलेला. दोष निघाला टाकीच्या झाकणात. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घातला होता. त्यानं झाकणातलं हवेचं भोक बुजलं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना.

तेव्हा आता क्रमानं बघू. पण आधी काळजी. काम उघड्यावर आणि इंजिन गार झाल्यावरच करा. विडी, कंदील, चूल लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. वाळूची बादली हाताशी असू द्या.

पहिलं, प्लग. बराच वेळ स्टार्टर मारूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला, तर पेट्रोल पोचतंय. मग ठिणगी नाही किंवा चोक जास्त ओढला गेलाय. हे बघून झालं की किल्ली बंद करा आणि बॅटरीची एक तार सोडून ठेवा.

दुसरं, टाकी. काट्यावर विसंबू नका. स्वच्छ, कोरडी काठी घालून पेट्रोल मोजा. झाकणाचं भोक मोकळं आहे का बघा. झाकण सैल केल्याबरोबर हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष तिथंच.

तिसरं, पंपाची काचेची वाटी. तळाला पाणी किंवा तांबूस गंज दिसला, तर वाटी काढून पुसा, जाळी धुवा. वाटी बसवताना तिचं वायसर धड आहे ना, हे बघा. तिथून हवा ओढली गेली, की पंप पेट्रोल ओढत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी तडकली असेल तरी तेच होतं.

चौथं, पंप. कार्बोरेटरकडची नळी सोडून तिचं तोंड डब्यात धरा. किल्ली बंदच ठेवून दुसऱ्यानं हँडल मारावं. हँडलच्या दर दोन फेऱ्यांना एक जोरकस पिचकारी आली, तर पंप ठीक. नाही आली, तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, पातळी चढली असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशा वेळी इंजिन मुळीच चालवू नका. पडदा बदला आणि ऑइलही बदला.

पाचवा, आणि शेवटचा, कार्बोरेटर. जेटमध्ये कचरा असेल तर हवेनं फुंकून काढा. तार खुपसू नका; पितळेचं भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते.

उन्हाळ्यात गरम गाडी थांबवली आणि लगेच सुरू होईना, तर नळीतच पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी करा.

आता आजच्या पेट्रोलबद्दल. 2025 पासून देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून होतं. पिकं आपलीच, पण जुन्या जीपचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या मऊ पडतात, तडकतात; पडदाही लवकर जातो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी फार झालं, की ते तळाला बसतं. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदा मागून घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

आणि मंडळी, दोन गोष्टी कधीच करू नका. इंजिन फिरत असताना कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका. उलटा भडका तोंडावर येतो. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. घोटभर पेट्रोलही फुप्फुसात उतरलं, तर जिवावर बेततं. चुकून गिळलं गेलं, तर उलटी करवू नका. तडक दवाखाना गाठा. पेट्रोल काढायला रबरी फुग्याचा हातपंप घरी ठेवा.

गाडी आज नाही तर उद्या सुरू होईल. माणूस धड राहिला पाहिजे.