वर्गणी वायरीत का घातली?
(गणेशोत्सवापूर्वीच्या सभेत मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



पोळा झाला, जाम नदीवर गोटमार झाली, की पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत गणपतीची लगबग सुरू होते. भादव्यातला पाऊस आणि जाणारी लाइट हे मात्र न बोलावता येणारे पाहुणे. ऐन आरतीत अंधार नको म्हणून आपल्या सभागृहात इन्व्हर्टर आहे. यंदा त्याच्यावर वर्गणीतला बराच पैसा गेला आणि डेकोरेशनला कात्री लागली. त्याचा हिशेब देणे आमचे कर्तव्य आहे.

बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर थोड्याच वेळात ओरडून बंद पडायचा. ‘मोठी बॅटरी घ्या,’ अशी सूचना बहुतेकांनी केली. आम्ही आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून मोजमाप केले. बॅटरी स्टेजमागे हलवताना जोडलेली ४ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर तिथेच होती, तीही पडद्याला टेकून.

दिवे, पंखे आणि माइक मिळून आपला भार ६०० वॅटचा. २३० व्होल्टवर त्याला अडीच-पावणेतीन अँपिअर पुरतात. पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून तोच भार ओढायचा तर ५० अँपिअर लागतात. जाऊन-येऊन ६ मीटर अशा बारीक वायरीत सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. इन्व्हर्टरला वाटते, बॅटरी संपली! संत्र्याच्या बागेत पंप मोठा आणि पाइप बारीक असला की शेवटचे झाड कोरडे राहते, तसेच हे. शिवाय वाटेत गेलेल्या विजेची उष्णता होते. इथे ती ६० वॅटच्या जुन्या बल्बएवढी होत होती, आणि त्या पडद्यासमोर आपली मुले पाठांतराला बसतात. आता २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे. तेवढ्याच अंतरात घट जेमतेम ०.२ व्होल्ट होते.

दुसरे काम फ्यूजचे. तो बॅटरीच्या प्लस टोकाजवळच हवा. फ्यूज बॅटरीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, आणि मीटरजवळचा एमसीबी तिला थांबवू शकत नाही. कोकणातल्या मच्छीमार बोटीवरच्या बॅटरीलाही हाच नियम लागू आहे. तिथे तर आग लागली की पळायला जागा नसते.

वायर आणि फ्यूज झाल्यावरच आम्ही चार्जरकडे वळलो. नवा इन्व्हर्टर घेताना त्यातला चार्जर टप्प्याटप्प्याने भरणारा आहे, हे पाहून घेतले. आपल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुमारे १५ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह मानवतो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेले की प्रवाह हळूहळू कमी व्हावा आणि बॅटरी भरल्यावर चार्जरने साडेतेराच्या आसपास राहावे. अर्धवट भरलेली बॅटरी फार दिवस राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते. अति भरली तर पाणी उडते आणि हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी आता वरच्या झरोक्याखाली, समई आणि धूपापासून दूर ठेवली आहे.

इन्व्हर्टर आता बहुतेकांच्या घरी आहे. तेव्हा मखर उभारण्याआधी एवढे पाहा: बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी नको, पाणी खुणेपर्यंत हवे, आणि तेही डिस्टिल्डच, केबलवर कापड किंवा थर्माकोल टेकलेले नको, टेप गुंडाळून केलेला जोड नको. लाइट गेल्यावर दहा मिनिटांनी केबलजवळ हात नेऊन पाहा. ऊब जाणवली तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मग स्वतः पान्हा न घेता जाणकाराला बोलवा.

यंदा आरास साधी दिसेल. वर्गणीतून घेतलेली ही केबल कुणाच्या फोटोत येणार नाही. पण दहाही दिवस मुलांना स्टेजवर निर्धास्त बसवता येईल, आणि यंदाच्या उत्सवात आम्हाला तेच अधिक मोलाचे वाटले.

गणपती बाप्पा मोरया!