हवा नागिला : एका बिनशब्दांच्या चालीची गोष्ट

आज एका परदेशी गाण्याची गोष्ट सांगणार आहे. गाण्याचं नाव ‘हवा नागिला’. नावात ‘हवा’ असली तरी वाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हे ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेतलं गाणं आहे. ‘हवा’ म्हणजे चला, आणि ‘नागिला’ म्हणजे आनंद करू या. ज्यूंच्या लग्नात हे गाणं लागलं की सगळे हातात हात घालून गोल धरतात आणि फेर धरून नाचतात.

ऐकणाऱ्याला वाटतं, हे गाणं हजारो वर्षांचं जुनं असणार. पण तसं नाही. त्याचे शब्द जेमतेम शंभर वर्षांचे आहेत.

चाल मात्र आधीची. पूर्व युरोपात, आज युक्रेनमध्ये असलेल्या सादिगुरा गावात, हसिदी पंथाचे ज्यू राहायचे. आपल्या गुरूभोवती बसून ते चाली गुणगुणायचे, शब्दांशिवाय. नुसतं ‘आय आय’, ‘बाम बाम’. अशा चालीला ते ‘निगून’ म्हणतात. शब्द संपतात तिथेही सूर देवापर्यंत पोचतो, अशी त्यांची श्रद्धा. या पंथाचे काही लोक जेरुसलेमला गेले, तेव्हा चालही त्यांच्या गळ्यातून तिकडे गेली.

जेरुसलेममध्ये तेव्हा अब्राहम इडेलसोन नावाचे संगीताचे शिक्षक होते. जन्म 1882 चा, लाटव्हिया देशातला. शहरात येमेन, इराण, मोरोक्को, युरोप अशा कुठून कुठून आलेले ज्यू राहत होते. प्रत्येकाची प्रार्थनेची चाल वेगळी. इडेलसोन फोनोग्राफचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे जायचे, त्यांना गायला लावायचे आणि चाली टिपून ठेवायचे. पुढे या चालींचे दहा मोठे ग्रंथ झाले. सादिगुऱ्याची ही चाल त्यांनी 1915 साली लिहून घेतली.

मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 मध्ये, जेरुसलेममध्ये गाण्याचा एक कार्यक्रम ठरला. शेवटी म्हणायला आनंदाचं गाणं हवं होतं. इडेलसोन यांना ती चाल आठवली. तिला थोडेसेच शब्द जोडले : चला, आनंद करू या, गाऊ या, भावांनो, आनंदी मनानं जागे व्हा. बायबलातल्या 118 व्या स्तोत्रात आनंद करण्याचं सांगणं आहे, त्याची छाया या शब्दांवर आहे. इडेलसोन यांनी लिहून ठेवलं आहे, की दुसऱ्याच दिवशी शहरातले स्त्री-पुरुष ते गाणं गात होते.

पण शब्द कुणाचे? इडेलसोन म्हणाले, माझे. त्यांचे विद्यार्थी मोशे नाथनसन पुढे अमेरिकेत प्रार्थना गाणारे गायक झाले. ते म्हणाले, मी शाळकरी मुलगा असताना वर्गात हे शब्द मी जोडले. हा वाद मिटला नाही. गंमत बघा, दोन शिकलेल्या माणसांची नावं निदान वादात तरी राहिली. ज्यांनी ती चाल पहिल्यांदा गुणगुणली, त्यांचं नाव कुठेच नाही.

पुढे गाणं जगभर गेलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक हॅरी बेलाफॉन्टे ज्यू नव्हते, पण त्यांच्या आवाजात ते घराघरांत पोचलं.

ज्यू आपल्याला परके नाहीत. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्राएल ज्यूच. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. आडनावं पेणकर, रोहेकर, भाषा मराठी. त्यांतले पुष्कळ जण पुढे इस्राएलला गेले आणि मराठीही सोबत घेऊन गेले.

केरळात कोचीनचे ज्यू होते. तिथल्या बायका लग्नात, सणात मल्याळममध्ये गायच्या. ती गाणी त्यांनी वह्यांत उतरवली. आईची वही लेकीकडे, लेकीची नातीकडे. 1950 नंतर त्या इस्राएलला गेल्या, तेव्हा वह्याही गेल्या. त्या वह्यांवरून पुढे अभ्यासकांनी ती गाणी जमवली. मोठं यंत्र नव्हतं, ग्रंथ नव्हते. वही होती, म्हणून गाणी राहिली.

आता आपलं बघा. जात्यावरची ओवी, हळदीचं गाणं, पाळणा. आपल्या सासूला, आजीला किती पाठ असतात! जातं गेलं, गिरणी आली. गाणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जातात, आणि त्यांच्यासोबत गाणीही जातात.

म्हणून एक काम सांगते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या एका आजीला बोलवा. मोबाईलवर तिचं गाणं भरून घ्या, वहीत शब्द उतरवा. आणि वर मोठ्या अक्षरात तिचं नाव आणि गाव लिहा. गाणं पुढे कुठेही जाऊ दे, कुणी विचारलं ‘हे कुणाचं?’ तर आपल्याजवळ उत्तर असायला हवं.