पेशीपटल, प्रथिने आणि गिंडीचा नकाशा
(उत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



रेल्वेतल्या डिप्लोमावाल्या इंजिनिअरने पेशीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण या विषयातला एक मोठा शोध आपल्याच चेन्नईत लागला, आणि त्यामागचा हिशोब आमच्या खात्यात नेहमीचा आहे. म्हणून हे धाडस.

शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असून त्याचा मधला तेलकट भाग जेमतेम ३ नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मीठ, साखर या तेलातून जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. ॲसिडिटीवर आपण ओमेप्राझोल घेतो, ते जठरातल्या अशाच एका प्रथिनाचा, आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपाचा, रस्ता अडवते. रक्तदाबाची ॲटेनोलॉल हृदयाच्या पेशीपटलावरच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. त्यामुळे या प्रथिनांचा आकार कसा आहे हा प्रश्न आपल्या औषधाच्या डब्यापर्यंत येतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती कशीही वळेल का? याचे उत्तर गिंडीत मिळाले.

डॉ. जी. एन. रामचंद्रन १९५२ साली मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. कातडे आणि स्नायुबंध ज्याचे बनतात त्या कोलॅजनचा आकार तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हता. विद्यापीठाच्या गिंडी आवाराला लागूनच चर्मसंशोधन संस्था, त्यामुळे कोलॅजनशी गाठ पडणे सोपे होते. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये मांडले की कोलॅजन तीन पदरांचे आहे. वेणीच म्हणा ना! आतल्या बाजूला जागा इतकी कमी की प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल सर्वांत लहान, म्हणजे ग्लायसिन, असावे लागते.

यावर आक्षेप आला, तोही रिच आणि क्रिक यांच्यासारख्यांचा. तुमच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, असे त्यांचे म्हणणे. तीन पदर टिकले, तपशील बदलले. पण रामचंद्रन यांनी प्रश्न मुळापासून हाती घेतला : 'फार जवळ' म्हणजे नेमके किती?

इथे आमची रेल्वे येते. वाघिणीवरचा माल ठरलेल्या मापाबाहेर गेला की त्याला ओडीसी म्हणतात. मग वाटेतला प्रत्येक पूल, फलाट, खांब यांच्यापासून किती अंतर सुटते ते पाहायचे. पुरेसे असेल तर गाडी जाते, थोडे कमी असेल तर बंधने घालून, आणि घासणार असेल तर जातच नाही. रामचंद्रन, शशिशेखरन आणि रामकृष्णन यांनी अणूंसाठी हेच केले. आधी माहीत असलेल्या स्फटिकांतून अणूंमधली अंतरे गोळा केली आणि दोन मर्यादा ठरवल्या : एक नेहमीची, एक अगदी शेवटची. साखळीच्या प्रत्येक सांध्यापाशी दोन कोन फिरतात. ते थोडे थोडे बदलत, दर वेळी काय घासते ते पाहिले. संगणक हाताशी नव्हता; टेबलावरच्या गणनयंत्रावर आकडेमोड. १९६३ साली नकाशा छापून आला. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश जागा निषिद्ध निघाली! उरलेल्या बेटांपैकी एक आल्फा मळसूत्राचे.

पेशीपटलातून आरपार जाणारी प्रथिने बहुधा हेच मळसूत्र वापरतात, कारण त्यात साखळीचे पाण्याकडे ओढ असलेले भाग एकमेकांतच गुंततात आणि तेल सोसवते. एका अमिनो आम्लामागे मळसूत्र ०.१५ नॅनोमीटर पुढे सरकते. ३ भागिले ०.१५, म्हणजे २०. साधारण वीस अमिनो आम्लांत पटल पार!

प्रत्यक्ष पाहणे मात्र कठीण. प्रथिन आधी पटलातून सोडवावे लागते. समोर बसलेल्या गलाईवाल्या मंडळींना हे सांगायला नको : तेजाबात चांदी विरघळते, सोने राहते. इथे तेजाबाऐवजी साबणासारखे द्रव्य घेतात, पण ते जहाल झाले तर प्रथिनाची घडीच मोडते. मग स्फटिक करून त्यावर एक्स-रे सोडायचे. पटलातल्या प्रथिनाची अशी पहिली तपशीलवार रचना १९८५ साली जर्मनीत मिळाली. त्या शास्त्रज्ञांना १९८८चे नोबेल मिळाले. पुढे प्रथिन झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत आली, तिला २०१७चे नोबेल. २०२४चे नोबेल तर संगणकाने प्रथिनांची रचना वर्तवण्याला आणि नवी प्रथिने घडवण्याला.

रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही. त्या वादात मी पडत नाही. ते २००१ साली चेन्नईतच वारले. पण आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना तयार झाली, एक्स-रेने असो वा संगणकाने, तरी ती 'रामचंद्रन नकाशा'वर ठेवून तपासतात, आणि निषिद्ध जागेत पडलेला प्रत्येक सांधा पुन्हा पाहिला जातो.

बीच स्टेशनवरून तांबरम लोकल धरली की गिंडी लागते. मुलांना घेऊन जायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.